पुठ्ठ्याची मागची बाजू

डोक्यावर हेल्मेट घालून पायी भाजी आणायला जाणारा माणूस अख्ख्या पुण्यात एकच आहे, आणि तो माझा साडू आहे. ज्या शहरात दुचाकीवर हेल्मेट घाला म्हटलं की लोक वर्तमानपत्रात पत्रं लिहितात, त्या शहरात हे गृहस्थ धायरीच्या भाजीबाजारात कोथिंबिरीचा भाव हेल्मेटच्या काचेआडून विचारतात. भाजीवालीला ऐकू जात नाही. मग काच वर करतात, भाव ऐकतात, नको म्हणतात आणि काच खाली ओढून पुढच्या पाटीकडे जातात. कारण एकच, की त्यांच्या घरापासून बाजारापर्यंत नारळाची चार झाडं आहेत. त्यातल्या दोन झाडांना नारळ लागतच नाहीत, हे मी त्यांना एकदा उभं करून दाखवलं. ते म्हणाले, "लागायला लागले तर आधी कळवणार आहेत का?" माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. आम्ही दोघंही पंच्याहत्तरीच्या पुढचे, चाळीसहून अधिक वर्षांची ओळख, तरी एकमेकांना अहो-जाहोच करतो. इतका भित्रा माणूस मी पाहिला नाही, असं मी आजवर शेकडो लोकांना हसून सांगितलं. आता लिहायला बसलोय ते वेगळं सांगायला. त्या माणसाला जी एक भीती मुळात नव्हती, ती मी दिली.

पण आधी त्यांच्या स्वतःच्या भीत्या, कारण त्या त्यांनी फार निगुतीने सांभाळल्या आहेत. फोन वाजला की ते तो उचलतात आणि गप्प बसतात. आपण आवाज दिला तर समोरच्याला आपण घरी आहोत हे कळतं, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे त्यांना फोन करणाऱ्याने आधी नाव, गाव, नातं आणि कारण एका दमात सांगायचं. मग पलीकडून "बोला" येतं. मी गेली कित्येक वर्षं "मी तुमचा साडू, धायरीहून, सहज" असं त्या शांततेत बोलत आलो आहे. लिफ्टमध्ये ते पाऊल ठेवत नाहीत. आमच्याकडे चौथ्या मजल्यावर जिन्याने येतात आणि वर आल्यावर धापा टाकत म्हणतात, "पोचलो, हे महत्त्वाचं." मिक्सर सुरू झाला की ते गॅलरीत जातात. पावसाळ्यात खडकवासल्यातून पाणी सोडल्याची बातमी आली की त्यांची सगळी कागदपत्रं प्लास्टिकच्या पिशवीत, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत आणि ती माळ्यावर जाते. त्यांचं घर नदीपासून एवढं लांब आणि एवढं उंचावर आहे की तिथे पाणी यायचं तर आधी निम्मं शहर बुडावं लागेल. मी हे बोललो तर म्हणाले, "निम्मं बुडाल्यावर मला पिशव्या कुठे मिळणार?"

हा माणूस हायस्कुलात चित्रकला शिकवून निवृत्त झाला, आणि घरी बसायला घाबरून (बसलेली माणसं लवकर जातात म्हणे) धायरीच्याच एका शाळेत रविवारी सकाळी प्रौढांचा वर्ग घ्यायला लागला. शाळा सुटलेली, पस्तिशी-चाळिशीची माणसं तिथे दहावीचा अभ्यास करायला येत. साडूंना तिथे चित्रकला शिकवायची नव्हती. त्यांना शिकवायचं होतं ते स्वतःबद्दल बोलायला. त्या माणसांना नोकरीसाठी कुणापुढे उभं केलं, की "तुम्हाला काय येतं?" या प्रश्नावर सगळ्यांचं एकच उत्तर असे: "काय पण सांगा, करतो." साडूंना या वाक्याचा फार राग. ते म्हणत, "काय पण येणाऱ्याला काहीच मिळत नाही. बोलता येत नाही ना? मग काढून दाखवा." लक्ष्मी रस्त्यावरच्या ओळखीच्या दुकानातून ते साड्यांच्या खोक्यांचे पुठ्ठे आणत आणि एकेकाला एक देत. डाव्या अर्ध्या भागात मला काय येतं, उजव्या अर्ध्या भागात मला कुठे जायचंय. अक्षर एकही लिहायचं नाही आणि मासिकातले कोटातले साहेब कापून चिकटवायचे नाहीत.

पहिले दोन रविवार लोक नुसते पुठ्ठ्याकडे बघत बसत. मग साडू प्रत्येकापाशी बसून उलटतपासणी करत. अकरा घरी स्वयंपाक करणारी एक बाई म्हणाली, मला पोळीभाजी येते, त्यात काय काढायचं. साडू म्हणाले, "अकरा घरी मीठ सारखं लागतं?" ती हसली. म्हणाली, छे, तिसऱ्या घरी रक्तदाबाचं, सातव्या घरी आजोबा चोरून वरून घेतात म्हणून आधीच कमी. "हे तुम्हाला सगळं पाठ आहे?" "हो मग." "तेच काढा." तिने मिठाचे अकरा डबे काढले, प्रत्येकात वेगळ्या उंचीचं मीठ, आणि उजवीकडे एक भलं मोठं पातेलं. तो पुठ्ठा घेऊन ती एका कॅन्टीनला गेली आणि तिथेच राहिली. पोती उचलणाऱ्या एका गड्याने पोतीच काढली, पण वजनाप्रमाणे वाकलेली माणसं त्यांच्याखाली. साडू दिवसभर तो पुठ्ठा सगळ्यांना दाखवत होते. नारळाखालून हेल्मेट घालून जाणारा हाच माणूस वर्गात चाळीस माणसांपुढे छातीवर हात ठेवून उभा राही आणि म्हणे, "तुमच्यात आहे ते मला दिसतंय. त्यांना दिसेल असं करू."

आणि मग मागची बाजू. हा प्रकार फक्त साडूंनाच सुचू शकतो. पुढची बाजू पुरी झाली की पुठ्ठा उलटा करायचा आणि ज्या कामाला जायचंय त्या कामातलं आपल्याला ज्याचं भय वाटतं, ते काढायचं. त्या वेळी साडू वर्गाबाहेर जाऊन उभे राहत. काढून झालं की त्यावर कणकेच्या खळीने खाकी कागद चिकटवायचा, तो मात्र ते स्वतः चिकटवत, आणि चिकटवताना डोळे मिटून घेत. त्यामुळे तो कागद दर वेळी वाकडा बसे. "भीती माहीत असलेला माणूस पट्टा दोनदा तपासून बांधतो," ते सांगत. "मला विचारा. पण ती तुमची खासगी गोष्ट आहे. ती तुमच्याशिवाय कुणी बघायची नाही. मीसुद्धा नाही." त्या माणसांना आयुष्यात कुणी खासगी असं काही दिलं नव्हतं. काहीजण तर पुढच्या बाजूपेक्षा मागची बाजू जास्त मन लावून काढत.

या वर्गात माझं काम फायलींचं. मी सरकारी कचेरीत आस्थापना विभागात चौतीस वर्षं काढली. अर्ज, दाखले, प्रती, टाचणी कुठे लावायची, हे मला झोपेतही येतं. साडूंना शंभर भीत्या होत्या, मला एकच होती आणि ती मला जन्मभर पुरली: आपण दिलेली फाईल अपूर्ण म्हणून परत येईल. मी स्वतः हजारो फायलींवर "अपूर्ण" असा शेरा मारून त्या परत पाठवल्या आहेत. कदाचित म्हणूनच.

रंजना यवतमाळकडची. नवऱ्यामागोमाग इकडे आली, बांधकामावर कामाला लागली. मजूर म्हणून लागली, पण थोड्याच दिवसांत क्रेनवाला दुसऱ्या कुणाच्या इशाऱ्यावर माल उचलेना. खाली उभी राहून हाताने वर, खाली, डावीकडे, थांब असं सांगायचं काम तिच्याकडे आलं. तिच्या पुठ्ठ्यावर डावीकडे नुसते हात होते, सात इशाऱ्यांचे सात. साडूंनी ते बघितले आणि म्हणाले, "यातला 'थांब' कुठला हे मला न सांगता कळलं." उजवीकडे तिने एक खुर्ची काढली होती, हवेत. हडपसरच्या एका कारखान्यात छताखालून सरकणारी मोठी क्रेन चालवायला बायका घेणार होते, शिकवूनही देणार होते. अर्जाबरोबर उमेदवाराने स्वतःबद्दल काही जोडायचं असेल तर जोडावं, असं त्यात होतं. रंजनाने तो पुठ्ठा जोडायचं ठरवलं. रविवारी वर्ग संपता संपता तिचा पुठ्ठा पुरा झाला, साडूंनी डोळे मिटून खाकी कागद लावला, आणि सोमवारी अर्ज द्यायचा म्हणून पुठ्ठा प्रत काढायला माझ्याकडे आला.

त्याच दुपारी झेरॉक्सच्या दुकानात पुठ्ठा पिशवीतून काढताना माझ्या हाताला खळ ओली लागली. कागदाचा एक कोपरा सुटला होता. तो दाबून बसवायचा होता. मी तो ओढला. का ओढला याचं उत्तर मला दोन वर्षांत सापडलेलं नाही. आत वरून खाली पाहिलेली एक शिडी होती, खाली जात जात बारीक झालेली, आणि तळाशी ठिपक्याएवढं एक मूल. दुकानातल्या बाईने विचारलं, "काका, दोन्ही बाजू?" आधार कार्ड असो, शिधापत्रिका असो, चौतीस वर्षं मी लोकांना खिडकीतून एकच सांगत आलो होतो. माझ्या तोंडून तेच निघालं, "दोन्ही." नियम मला माहीत होता. तो मला त्या क्षणी आठवलाही होता. पण मागची बाजू नसलेली प्रत म्हणजे अपूर्ण प्रत, हे माझ्या हाताला त्याहून आधी आठवलं. दोन्ही प्रती अर्जाला लावल्या, खाली "खरी प्रत" असं लिहून सही ठोकली, जणू अजून मी त्या खुर्चीवर होतो. खाकी कागद चुरगळून खिशात घातला आणि पुठ्ठा वर्गाच्या कपाटात ठेवून दिला.

मुलाखतीच्या दिवशी आम्ही दोघं कारखान्याच्या फाटकाबाहेर उभे होतो. साडू हेल्मेट घालून आले होते, आत काही पडत असेल म्हणून. रंजना बाहेर आली ती हळूहळू, जमिनीकडे बघत. "साहेबानं कागद पलटवला," ती म्हणाली. "म्हणे, बाई, तुम्हाले उंचीचं भेव वाटते हे तुम्हीच काढून देलं ना. मंग वर कसं बसवू? सर, माही मागची बाजू त्याईले कशी भेटली?" साडूंनी हेल्मेट काढलं. मी त्यांना रस्त्यावर हेल्मेट काढताना पहिल्यांदा बघत होतो. "कागद लावला होता मी," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "लावला होता ना हो?"

मी म्हणालो, "मला नीट आठवत नाही."

साडू घरी न जाता तसेच वर्गावर गेले. कपाट उघडलं, पुठ्ठा उलटा केला. मागे कागद नव्हता. दुसऱ्या दिवशी त्यांनी रंजनाच्या खोलीवर जाऊन तिची माफी मागितली, हात जोडून. मी बाजूला उभा होतो, चपला हातात घेऊन.

इथून पुढचं मला हसत सांगता येत नाही. नारळाची, धरणाची, लिफ्टची भीती बाहेरची असते, तिच्यापासून पळता येतं. आता साडूंना स्वतःच्या डोक्याची भीती बसली. मला आठवतंय ते खरं घडलंय कशावरून, या प्रश्नाने त्यांना धरलं. वर्ग त्यांनी बंद केला, पुन्हा कुणाचं असं व्हायला नको म्हणून. गॅस बंद केला का हे बघायला अर्ध्या जिन्यातून परत येऊ लागले. जेवण झालं का, हे बायकोला विचारू लागले. औषध घेतलं की मनगटावर पेनाने रेघ मारायची, आणि मग ती रेघ आजची की कालची म्हणून घाबरायचं. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या आणि काही नाही म्हणून सांगितलं. साडू घरी येऊन म्हणाले, "त्यांनी जे सांगितलं ते मी बरोबर ऐकलंय ना?" मेहुणी आमच्या स्वयंपाकघरात बसून माझ्या बायकोला सांगत होती, "भित्रा नवरा मला कधी जड झाला नाही गं. पण हे आता आरशात बघायलाही कचरतात." मी बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्राचं पान उलटत होतो. रोज ठरवायचो, उद्या सांगू. तो उद्या उजाडला की वाटायचं, इतके दिवस का नाही सांगितलं हे विचारतील, त्याला काय उत्तर द्यायचं. आणि दिवस वाढले तसा तो प्रश्न वाढत गेला.

मागच्या महिन्यात ते सकाळीच चार जिने चढून आले. धाप लागलेली, तरी बसले नाहीत. पिशवीतून किल्ल्यांचा जुडगा काढून माझ्यापुढे धरला. घराची, कपाटाची, बँकेच्या लॉकरची, वर्गाच्या कपाटाचीसुद्धा. "हे तुमच्याकडे ठेवा," म्हणाले. "माझा काही भरवसा नाही. तुम्ही व्यवस्थित आहात."

त्या शब्दापुढे मला टिकता आलं नाही. उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. दुकान, ओली खळ, सही, खिशातला कागद. साडू ऐकत होते. मग खुर्चीत बसले आणि म्हणाले, "म्हणजे कागद मी लावला होता."

"लावला होता."

"खळीने."

"खळीनेच. ओली होती अजून."

"वाकडा?"

"वाकडा."

त्यांनी हेच अजून दोनदा विचारलं, दोनदा ऐकलं. डोळे मिटून घेतले. मग डोळे उघडून शांतपणे म्हणाले, "चौतीस वर्षं नोकरी केलीत. 'मागील बाजू कोरी' एवढा शेरा मारता आला नसता?" किल्ल्यांचा जुडगा त्यांनी परत पिशवीत टाकला. "दोन वर्षं मी बायकोला विचारतोय, मी जेवलो का. आणि तुम्ही समोर बसून पापड खात होता." ते उठले. "माझं नंतर बघू. आधी तिला सांगायचं. चला."

रंजना हडपसरलाच एका मोठ्या इमारतीच्या कामावर होती. बाहेरून वर-खाली जाणारा मालाचा पिंजरा असतो, तो ती चालवत होती. आम्हाला बघून तिने पिंजरा खाली घेतला, दार लावलं, दोनदा ओढून बघितलं आणि मग आमच्याकडे आली. दिवसातून किती वेळा वर जातेस, असं साडूंनी विचारलं तर म्हणाली, "मोजत नाई सर. भेव वाटते अजून. चालवतो तरी."

मी बोलायला सुरुवात केली. तिने मला वाक्य पुरं करू दिलं नाही. "मले ठावं हाय, काकाजी. साहेबाच्या टेबलावर कागद होता ना. खाली तुमची सही होती. म्हनून तं फाटकापाशी इचारलं."

"मग त्या दिवशी बोलली का नाहीस?" साडूंनी विचारलं.

"तुम्ही माफी मागत होता सर. काकाजी बाजूलेच उभे होते, पाहत होते. मले वाटलं, मोठी मानसं हायेत, माह्यापुढं नाई बोलत. घरी गेल्यावर सांगतीन." तिने माझ्याकडे पाहिलं. "नाई सांगतलं का?"

मी मान हलवली. जाऊ द्या, असं ती म्हणेल अशी माझी समजूत होती. बसभाडं खर्चून मी तेच ऐकायला आलो होतो, हे तिथे उभं राहिल्यावर माझ्या ध्यानात आलं. ती तसं म्हणाली नाही. "ते काम मले पायजे होतं," ती म्हणाली. "मी बसलो असतो तिथं वर. बांधून बसलो असतो." वरून कुणीतरी हाक मारली. तिने डोक्यावरचं हेल्मेट सारखं केलं आणि साडूंना म्हणाली, "वर्ग सुरू करा सर. मी तीन-चार बायका पाठवतो. फक्त फाईल याईच्याकडे देऊ नका." साडू म्हणाले, "नाही देणार." पिंजरा वर जाताना आम्ही दोघं मान वर करून बघत राहिलो. ती एकदाही खाली बघत नव्हती.

परतीच्या बसमध्ये आम्हाला शेजारी जागा मिळाली. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तर साडू म्हणाले, "आता नको." आणि थोड्या वेळाने माझ्या खांद्यावर काहीतरी टेकलं. साडू झोपले होते. चालत्या गाडीत हा माणूस कधी झोपल्याचं मला आठवत नाही, त्यांच्या बायकोलाही आठवणार नाही. तोंड किंचित उघडं, हात मांडीवर मोकळे. खांद्याला रग लागली तरी मी हललो नाही. स्वारगेट जवळ आलं तसा त्यांना उठवायला मी हात उचलला आणि तिथेच थांबलो. इतके दिवस ते आपल्याला काय काय आठवत नाही म्हणून भीत होते. आता जागे होतील ते सगळं नीट आठवणारे साडू. त्यांना कागद आठवेल, फाटक आठवेल, मी काय उत्तर दिलं तेही आठवेल, आणि त्यात त्यांना यापुढे कसलीही शंका येणार नाही. अजून एक थांबा होता. तेवढा मी त्यांना झोपू दिला.